दिवस बुडेना

देवानंदनं आपल्या बापाला अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं ते मरायसाठी. उगाच गोड शब्द कशाला शोधायचे? शेवटचे दिवस घरच्या माणसांत जावेत, बुढ्याला आपलं आंगण दिसावं, असं त्यानं डॉक्टरला सांगितलं, नातेवाइकांना फोनवर सांगितलं. खरी गोष्ट एवढीच होती, की त्या दिवशी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस होता. तो बुडाला की दक्षिणायन लागणार होतं, आणि बापानं त्याच्या आत, उजेड आहे तोवर, प्राण सोडावा अशी देवानंदची इच्छा होती. लेकानं बापाचं मरण मागावं! पण आधी ऐकून घ्या, मग काय नावं ठेवायची ती ठेवा. माया नव्हती म्हणून त्यानं हे केलं नाही, होती म्हणूनच केलं.

अकोटाहून सातपुड्याच्या अंगाला गेलं की जी दोन-चार गावं लागतात, त्यांतल्या एका गावात या माळ्यांचं घर. म्हातारा देवमन जन्मभर फुलात राबला. गलांडा केला, झेंडू केला, निशिगंध केला, पण त्याचा जीव शेवंतीत. शेवंतीचं एक विचित्र असतं. तिला कितीही खत घाला, पाणी घाला, दिवस लांबत चालला असला की ती नुसती पाल्यानं माजते. दिवस फिरला, रात्र वाढायला लागली, की मगच बाईसाहेबांना कळी धरायची आठवण येते. म्हणून देवमन दर वर्षी मोठ्या दिवशी सकाळी वावराच्या धुऱ्यावर, बांधाला, जायचा, तांब्याभर पाणी सूर्याला सोडायचा, गलांड्याचं एक फूल ठेवायचा आणि म्हणायचा, "जाय बापा आता दक्षिनेले. माह्या शेवंतीले कळ्या येऊ दे." कुठल्या पोथीत हे लिहिलेलं नाही. त्याचा बाप करायचा म्हणून तोही करायचा.

तर असा हा माणूस, ज्याला दक्षिणायनाची भीती कधी शिवली नव्हती. उलट तो त्याची वाट पाहायचा. पण मागच्या भादव्यात त्याची बायको गंगूबाई तापानं गेली. गेली ती पित्राच्या अंधाऱ्या पाखात, ऐन रात्री. तेरवीला महाराज बोलावले होते. आता तेरवीच्या पंगतीपुढं माणसानं चार धीराचे शब्द बोलावे की नाही? पण महाराजांना विषय सापडला होता. ते म्हणाले, जीवाला जायला दोन वाटा आहेत. उत्तरायणात, उजेडात जो जातो तो उजेडाच्या वाटेनं जातो, तो पुन्हा जन्माला येत नाही. दक्षिणायनात, अंधाऱ्या पाखात, रात्री जो जातो त्याची वाट धुराची. तो चंद्रापर्यंत जातो आणि फिरून इथंच येतो, पुन्हा कुणाच्या तरी पोटी. दक्षिणायन म्हणजे देवांची रात्र, त्यांची दारं तेव्हा बंद असतात.

बिचारी गंगूबाई! तिचं तर तिन्हीकडून चुकलं होतं. बायका पदर डोळ्याला लावून देवमनकडं पाहायला लागल्या. देवमनपुढचं ताट तसंच होतं. त्यानं महाराजांना एकच विचारलं, "म्हंजे थे आता वाटेवरच हाये?"

"वर्षभर," महाराज म्हणाले. "वर्षश्राद्ध होईस्तोवर जीव वाटेवरच असतो."

देवमननं मान हलवली आणि दोन घास खाल्ले. देवानंद शेजारीच बसला होता. त्यानं हे सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि इथंच तर घोडं पेंड खातं, ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या डोक्यात एकच बसलं, की आपली माय अंधारात गेली.

त्यानंतर म्हातारा खंगतच गेला. संक्रांत झाल्यापासून त्याचं एकच सुरू झालं, "देवा, दिवस कधी फिरते रे?" आधी देवानंदला वाटलं, बाबा शेवंतीचं विचारतो. मग म्हाताऱ्याला दम लागायला लागला, रात्र रात्र बसून काढायला लागला, तेव्हा देवानंदनं आपल्या मनानं ताडलं, की हा घाबरला आहे. दिवस फिरायच्या आत सुटका व्हावी म्हणून विचारतो आहे. एकदा माणसानं मनात असं पक्कं केलं, की मग समोरचा काय बोलतो ते ऐकूच येत नाही. सगळं आपल्याच बाजूचं ऐकू येतं.

ज्येष्ठात छाती पार भरली आणि अकोल्याला भरती करावं लागलं. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लागला, बोलणं बंद झालं. देवानंद कॉटशी गेला की म्हातारा खिडकीकडं बोट करायचा आणि मग तेच बोट हवेत गोल फिरवायचा. फिरला काय?

"नाई बाबा, अजून नाई. वेळ हाये अजून," देवानंद म्हणायचा.

म्हातारा डोळे मिटायचा. देवानंदला वाटायचं, त्याला बरं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेली आहेत, ऑक्सिजनवर काही दिवस निघतील, कदाचित पंधरा, कदाचित जास्त. काढला तर मात्र आम्हाला विचारू नका. देवानंदनं त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मनाशी ठरवलं, की मायचं साधलं नाही, बापाचं साधायचं. मोठ्या दिवशी त्याला घरी न्यायचं.

त्याची बायको वर्षाली तेवढी आडवी आली. "अवो, त्यायले इचारलं काय तुमी?"

"काय इचारू? बोलता कोठी येते त्याले?"

"मान त हालवता येते."

"तू गप राय वं. संक्रांतीपासून माह्या मागं लागला हाये तो, दिवस फिरला काय, दिवस फिरला काय. आनखीन काय इचारू?"

वर्षाली गप्प बसली. गप्प बसायला नको होतं, पण नवऱ्याचा बाप, नवऱ्याचा निर्णय. ती घर झाडायला-लोटायला पुढं गावी निघून गेली.

गाडी जैनुद्दीनची. जैनूचाचानं तीसेक वर्षं देवमनची फुलं आपल्या गाडीत घालून कधी अकोल्याला, कधी अमरावतीला नेली होती, आणि आज त्याच गाडीत मागची सीट पाडून त्यानं देवमनसाठी गादी टाकली. सोबत एक लहान सिलिंडर होता, रस्त्यापुरता. वॉर्डबॉयनं उचलायला हात घातला तर म्हाताऱ्यानं कॉटची दांडी धरली. दोन्ही हातांनी. सोडवावी लागली.

"देवा," जैनूचाचा हळूच म्हणाला, "बुढा नाई म्हनून रायला बेटा."

"त्याले घाई झाली चाचा. घाबरला हाये. तू गाडी हान."

अकोट रस्त्यानं गाडी दणके खात चालली. मिरग कोरडाच चालला होता, आभाळात बोटभर ढग नव्हता. म्हातारा सारखा खिडकीतून वर पाहत होता, आणि सूर्य वर दिसला की डोळ्यातून पाणी गळायचं. उन्हानं येतं, देवानंद म्हणाला, आणि बापाच्या डोळ्यावर त्यानं आपला रुमाल ठेवला.

घरी आत्या वाटच पाहत होती. पार्बताबाई, देवमनची बहीण, अमरावतीहून आदल्याच दिवशी आली होती. या बाईनं आपल्या हयातीत इतकी माणसं शेवटच्या घटकेला भुईवर घेतली होती, की कुणाच्या घरी ती आली की लोक समजून जायचे. तिनं मधल्या खोलीतली जागा शेणानं सारवून ठेवली होती, त्यावर घोंगडी, उशाशी तुळस, गंगेची कुपी. म्हाताऱ्याला खाली घेतलं. दुपार टळून गेली होती, पण बाहेर ऊन असं, की छपराची टिनं तडतडत होती.

"काढ आता थे नळी," आत्या म्हणाली. "दादाच्या तोंडात पानी जाऊ दे. अजून चांगला उजेड हाये. माह्या भावाचं सोनं होते."

खोटं कशाला बोला, देवानंदला रडू फुटलं. पण त्यानं बापाच्या कपाळावर हात फिरवला, मास्कची पट्टी कानावरून सोडवली आणि मास्क बाजूला केला. आत्यानं चमच्यानं पाणी घातलं. ते गालावरून वाहून गेलं. आणि किती दिवसांनी म्हाताऱ्याचं तोंड मोकळं झालं, तर तो बोलला.

"देवा. दिवस बुडला काय?"

"नाई बाबा. तू भेऊ नोको. आज मोठा दिवस हाये, बुडायले लय टाइम हाये. तू आरामात जाय."

"मंग मले काहून आनलं?"

देवानंदला कळेना. "तुलेच त पाह्यजे होतं ना बाबा. दिवस फिरायच्या आंधी."

म्हाताऱ्यानं मान हलवली. एकदा इकडं, एकदा तिकडं. एकेक शब्द तो खोल विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून काढत होता. "आंधी नाई रे. बादमंदी. तुही माय धुराच्या वाटेनं गेली. मी आज गेलो त उजेडाच्या वाटेनं जाईन. मंग कायची भेट? थे परत येईन, कोनाच्या घरी जलम घेईन, अन मी तथी वर एकटा काय करू?"

"बाबा..."

"वर्षसराद नाई झालं अजून. वाटेवरच हाये थे. दिवस फिरला का मी निंगतो, गाठतो तिले. तोपावतर जाऊ देऊ नोको मले. आज नोको देवा. दिवस बुडू दे."

वर्षाली दाराशी उभी होती, तिनं तोंडात पदर कोंबला. देवानंद बापाकडं पाहत राहिला. संक्रांतीपासून विचारत होता तो, रोज विचारत होता, आणि आपण रोज त्याला सांगत होतो की अजून वेळ आहे, घाबरू नको. अरे देवा, काय करून बसलो मी!

त्यानं झडप घालून मास्क उचलला आणि बापाच्या तोंडावर लावला. सिलिंडरचा काटा पाहिला. काटा खाली टेकायला आला होता. रस्त्यापुरताच दिला होता तो.

"चाचा!" तो अंगणात ओरडत पळाला. "चाचा, सिलिंडर! अकोटाहून आन, कोठूनबी आन, कोनाच्याबी हातापाया पड!"

जैनूचाचानं काहूनबिहून विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "मी म्हनलं होतं ना बेटा," आणि धुरळा उडवत गाडी घेऊन गेला.

आता सुरू झाला खरा मोठा दिवस. सकाळपासून जो माणूस सूर्याला थांब थांब म्हणत होता, तोच आता अंगणात उभा राहून त्याला बुड बुड म्हणत होता. सूर्य निंबाच्या वरच्या फांदीला होता. देवानंद आत जायचा, बापाची छाती वरखाली होते का बघायचा, बाहेर यायचा, तर सूर्य त्याच फांदीला. वर्षात एक दिवस लवकर बुड म्हणावं, तर तो नेमका आजचाच. आजच त्याला सगळ्यात जास्त वेळ वर बसायचं होतं. मेल्या, तुला दुसरं काही काम नाही काय, असं देवानंद मोठ्यानं बोलला, आणि ज्याला त्याचा बाप दर वर्षी पाणी द्यायचा त्या सूर्याच्या नावानं तो अंगणात पचकन थुंकला.

आत्यानं ते पाहिलं. ती बाहेर आली आणि तिनं त्याचा दंड धरला. "येडा झाला काय तू? मरनाऱ्याचं बोलनं मनावर घेते काय कोनी? वहिनी गेली, गेली बिचारी. बायकोपायी कोनी मोक्ष सोडते काय? तापात बडबडून रायला तो."

"ताप नाई त्याले, आत्या."

"मंग येड लागलं. अरे, मरनारा कायबी म्हनो, आपन त्याचं बरं पाहाव. मास्क काढ. उजेड हाये तोवर जाऊ दे त्याले. अशी येळ मांगून भेटत नाई."

तीही काही वाईट बाई नव्हती. भावाचं भलंच पाहत होती. सगळ्यांनी त्या म्हाताऱ्याचं भलंच पाहिलं, हीच तर रड होती. देवानंदनं तिचा हात सोडवला आणि आत गेला.

काटा टेकला. मास्कमधली सूं सूं बंद पडली. देवानंदनं अकोटच्या दवाखान्यात फोन लावला, जैनूचाचाला लावला. चाचा म्हणाला, इथं एक दुकान बंद आहे, दुसऱ्याकडं मोठाच आहे, तो गाडीत चढवून राहिलो, निघतोच. म्हाताऱ्याच्या ओठांचा रंग जायला लागला होता. श्वास एक यायचा, मग मधे इतका वेळ काहीच नाही, की वर्षाली देवाचं नाव पुटपुटायला लागायची, आणि मग पुन्हा एक यायचा. तो थांबून राहिला होता. आपल्या जोरावर, दात खाऊन, बैलानं चिखलातली गाडी ओढावी तसा तो एकेक श्वास ओढत होता.

"बुडला?" त्यानं विचारलं. आवाज नव्हता, नुसते ओठ.

देवानंदनं बायकोकडं पाहिलं. वर्षाली उठली, तिनं पेटीतल्या गोधड्या काढल्या आणि खिडकीवर एक टाकली, दुसरी टाकली. देवानंदनं दाराला ताडपत्री लावली, वरून घोंगडी. फटीत पोती कोंबली. आत्या "अरे, हे काय, हे काय" करत राहिली, तर वर्षालीनं जन्मात पहिल्यांदा सासरच्या माणसाला दटावलं, "आत्याबाई, गप बसा, नाईत बाहीर जा." आत्या भिंतीला टेकून बसली. खोलीत अंधार झाला. खरा नाही, पण मरणाऱ्या डोळ्यांना पुरेल इतका झाला. वर्षालीनं समई पेटवली.

"दिवे लागले बाबा," देवानंद बापाच्या कानाशी म्हणाला.

आणि तेवढ्यात त्याला दिसलं. वरच्या टिनाला खिळ्याचं एक भोक होतं, आणि त्यातून उन्हाची एक काडी तिरपी खाली आली होती, पांढरी लख्ख, म्हाताऱ्याच्या तोंडापासून हातभरावर. आत्तापर्यंत उजेडात ती कुणाला दिसली नव्हती. म्हातारा डोळे उघडत होता. देवानंद तसाच गुडघ्यावर सरकला आणि त्या काडीच्या आड झाला. ती त्याच्या पाठीवर पडली.

"बुडला?"

"बुडला बाबा."

"खरंच?"

"हो ना बाबा. दिवा लावला वर्षालीनं, हे पाय. आंधार पडला. फिरला दिवस."

म्हाताऱ्यानं समईकडं पाहिलं. मग लेकाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं खरं मानलं की लेकावर दया केली, हे आता कोण सांगणार? त्याच्या तोंडावरचा ताण मात्र सुटला. "मंग निंगतो," तो म्हणाला. "लय पुढं गेली असंन थे." एक श्वास आला. मग देवानंद दुसऱ्याची वाट पाहत राहिला, आणि तो आला नाही.

देवानंदला जागचं हलता येईना. तो हलला असता तर ती उन्हाची काडी बापाच्या तोंडाशी पडली असती. तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला, शेवटी आत्यानं उठून दारावरची ताडपत्री ओढली आणि सगळा उजेड एकदम आत आला. अंगणात कोंबड्या चरत होत्या. निंबाच्या सावलीत पोरं गोट्या खेळत होती. सूर्य चांगला दोन-तीन हात वर होता.

"गेला गं माहा भाऊ," आत्यानं गळा काढला. "उजेडात गेला. शेवटच्या दिवशी साधून गेला भाग्याचा." मग देवानंदजवळ येऊन ती हळू आवाजात म्हणाली, "तो काय बोलला थे कोनाजवळ काढू नोको. लोकं म्हनतीन बुढ्याले भ्रम झाल्ता."

जैनूचाचा सिलिंडर घेऊन आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. त्यानं गाडीतून सिलिंडर खाली उतरवला, गर्दी पाहिली, आणि पुन्हा उचलून गाडीत ठेवला. मग गाडीच्या पायरीवर बसून तो मोठ्यानं रडला.

गावाला आनंदच झाला म्हणा ना. दुःख होतंच, पण त्यात एक समाधान होतं. डोमाजी, ज्याला गावातल्या प्रत्येक मयतीत पुढं व्हायची सवय, तो देवानंदचे दोन्ही हात धरून म्हणाला, "लेक असावा त असा. दवाखान्यातून बरोबर टाइमावर आनलं बापाले. आमाले नाई जमलं हे. चला, आता वेळ लावू नोका, दिवस हाये तोवर आगही उजेडातच पडू द्या, म्हंजे काई राहाचं नाई."

देवानंदला एक आशा लागली होती. मूर्खपणाची असेल, पण बुडत्याला ती पुरे होते. जीव शरीर सोडतो तो श्वास थांबल्यावर, की आग लागल्यावर? आगीनंतर असेल तर अजून वेळ होता. धूर अंधारात निघाला तर वाट धुराची. त्यानं बाजूला जाऊन महाराजांना फोन लावला.

"अहो, शंका कसली काढता!" महाराज तिकडून म्हणाले. "बाबांना सद्गती मिळाली. असं मरण योग्यांनाच मिळतं. तुमचं अभिनंदन करायला हवं."

देवानंदनं फोन बंद केला आणि गर्दीला म्हणाला, "थांबा थोडसं. माही करिश्मा येऊन रायली नांदगाव पेठेहून. कंपनीतून निघाली. आबाचं तोंड पाहू द्या तिले."

पोर खरंच निघाली होती, एसटीत होती. पण तिला पोचायला चांगलाच अंधार पडला असता. देवानंदला तेच हवं होतं.

"अरे, तिले कोठी येता येते आता?" डोमाजी म्हणाला. "दिवस बुडल्यावर आग देत नाई आपल्यात. फोनवर दाखव पोरीले. आजकाल सगळेच दाखवते." कुणीतरी फोन लावलाही. एसटीच्या धक्क्यानं हलणारं करिश्माचं तोंड दिसलं, ती रडत होती, "आबा, आबा" म्हणत होती, आणि कुणीतरी फोन म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर धरला होता. झालं. आता कुणाला थांबायचं कारण उरलं नाही.

देवानंद म्हणाला, अजून थांबा. आत्या म्हणाली, त्याला काही सुचत नाही, तुम्ही उचला. चार माणसांनी उचललं. त्याच्या हातात मडकं दिलं, तो पुढं चालला. पायात काटा गेला म्हणून वाटेत थांबला, तर दुसऱ्यानं मडकं धरलं. नाल्याकाठी लाकडं रचून तयार होती. इतकं सगळं वेळेवर गावात कधी झालं नव्हतं.

सूर्य डोंगराच्या वर हातभर. देवानंद पेटता टेंभा घेऊन उभा राहिला. कुणी म्हणालं, दे आता. त्यानं दिला नाही. पुन्हा कुणी म्हणालं. शेवटी डोमाजीनं मायेनं त्याचा हात आपल्या हातात धरला, लहान पोराला अक्षर गिरवायला शिकवतात तसा, आणि लाकडाला लावला. लाकडं उन्हानं खणखणीत वाळलेली. भडकन पेटली. धूरही फार झाला नाही.

लोकांनी हात जोडले. "कशी सरळ ज्वाळा गेली," एक जण म्हणाला. "कानाकोपऱ्यात कोठी अंधार नाई."

देवानंद चितेकडं पाहत नव्हता. तो वळून दक्षिणेकडं तोंड करून उभा राहिला, जिकडं गावात कुणी तोंड करून उभं राहत नाही. तिकडं नुसतं उजाड वावर होतं आणि उन्हात थरथरणारी हवा. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि दुरून कुणाला हाक मारावी तशी हाक मारली.

"माय वं! थांबू नोको वं आता! बाबा येत नाई!"

माणसं चरकली. "माये, तो दुसऱ्या वाटेनं गेला वं! म्या धाडला! तू जाय!" त्याचा आवाज फाटला. जैनूचाचा पुढं आला आणि त्यानं त्याला मागून मिठीत धरलं.

"ऊन लागलं पोराले," डोमाजी म्हणाला. "सकाळपासून पोटात काई नसंन. सावलीत बसवा त्याले, पानी द्या." दोघांनी धरून त्याला नाल्याच्या काठावर बाभळीखाली नेलं आणि त्याच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला. तिथं बसल्या बसल्या तो पाहत होता, तर सूर्य अजून डोंगराच्या वरच होता.